काचेच्या भिंती आणि सौर वीज
वांद्रे-कुर्ला संकुलातील काचेच्या इमारती पाहिल्या म्हणजे मुंबईने विलायतेची थंडीही उसनी आणली की काय, असा भ्रम व्हावा! थंड देशांत काचेतून आत येणारे ऊन ऊब देते. येथे तेच ऊन वातानुकूलन यंत्रांस दिवसभर राबविते. आता याच भिंतींना सौर काच बसवून वीज मिळवावी, असे सुचविले जात आहे. सूचना चांगली आहे. परंतु मुंबई १९ अक्षांशावर आहे, हे विसरून कसे चालेल? मे महिन्यात मध्यान्हीचा सूर्य थेट माथ्यावर येतो. त्या वेळी वीज मिळते ती गच्चीवर, उभ्या भिंतीवर नव्हे. भिंतीस भाजते ते पूर्वेचे आणि पश्चिमेचे कलते ऊन. शिवाय पारदर्शक सौर काच जितका प्रकाश आत सोडील, तितकी वीज कमी देणार. म्हणून सौर पट्ट्यांची खरी जागा खिडक्यांवरील छज्जे आणि दोन मजल्यांमधील अपारदर्शक पट्टा हीच होय. मँचेस्टरच्या सी. आय. एस. मनोऱ्यावर २००५ च्या सुमारास सौर पट्ट्या जडविल्या, त्या जिने व लिफ्ट असलेल्या बिनखिडक्यांच्या भागावर.

२०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या सामान्य नियमानुसार व्यापारी इमारतींत भिंतीच्या ४० टक्क्यांहून अधिक काच नसावी. मात्र संपूर्ण इमारतीच्या वीजखर्चाचा हिशेब देणारास त्यातून सवलत मिळते. सौर काच ही त्या सवलतीची नवी सबब होऊ नये. नकाशा मंजूर करताना काच किती आणि सावली कोठे, हे आधी विचारले जावे, अशी आमची मागणी आहे.