गाळा घेताना भिंत पाहू नका, भाडेकरूचा धंदा पाहा

आपल्या समाजातील दुकानदार आणि कारागीर यांच्या हाती चार पैसे शिल्लक पडले की ते ठेवायचे कोठे, हा प्रश्न उभा राहतो. बँकेतील ठेवीचे व्याज मनाला पटत नाही. शेअर बाजाराची माहिती नसते. सोने कपाटात पडून राहते. मग नजर वळते ती एखाद्या गाळ्याकडे किंवा दोन खोल्यांकडे. भाड्याचे उत्पन्न हलाल आहे, यात शंका नाही. परंतु हलाल उत्पन्न म्हणजे आपोआप किफायतीचे उत्पन्न नव्हे. कळवणसारख्या तालुक्याच्या गावी हा विचार विशेष काळजीने करावयास हवा.

कळवण आणि अभोण्याचा बाजार बव्हंशी कांद्यावर चालतो. भाव चांगला असला की कापड, भांडी, वेल्डिंग, गॅरेज, शिवणकाम अशा सर्वच धंद्यांना तेजी येते. भाव पडला की उधारीची वही फुगते. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद केली. ती बंदी ४ मे २०२४ रोजी उठली. ज्याचे गिऱ्हाईक शेतकरी, त्याच्या गल्ल्यावर असा निर्णय उमटल्याशिवाय राहत नाही, आणि भाडेकरूचा गल्ला रिकामा झाला की मालकाचे भाडे थकते. म्हणजे कांदा-बाजाराजवळचा गाळा घेणारा माणूस नकळत कांद्याचाच व्यापार करीत असतो. सप्तशृंगी गडाच्या पायथ्याला नांदुरीच्या बाजूचे दुकान नवरात्रात आणि चैत्रात भरून वाहते; पण वर्षाचे महिने बारा असतात, हे विसरून चालत नाही.

याउलट तालुक्याच्या गावी असाही एक वर्ग असतो ज्याचा पगार कांद्याच्या भावावर अवलंबून नाही. तहसील कचेरी, उपजिल्हा रुग्णालय, आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय, एस.टी. आगार, शाळा आणि महाविद्यालय येथे बदलून येणाऱ्यांना स्वच्छ, पाण्याची सोय असलेल्या दोन खोल्या हव्या असतात. सुरगाण्याकडून शिकायला येणाऱ्या मुलांनाही खोली लागते. भाडे थोडे कमी मिळेल, पण ते दर महिन्याला येईल. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. नावावरून घर नाकारले जाण्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी शहरात घेतला आहे. आपण मालक झाल्यावर आदिवासी मुलाला किंवा दुसऱ्या धर्माच्या कर्मचाऱ्याला तोच अनुभव देऊ नये.

आता हिशेब पाहू. समजा, बारा लाखांचा गाळा घेतला आणि भाडे महिना सहा हजार आले. वर्षाचे बहात्तर हजार, म्हणजे शेकडा सहा. पण दोन महिने गाळा रिकामा राहिला, तर बारा हजार गेले. घरपट्टी, रंगरंगोटी, कराराचा खर्च यांत आणखी दहा हजार गेले. हाती राहिले पन्नास हजार, म्हणजे शेकडा चारच्या थोडे वर. आणि हाच मालक स्वतःच्या गॅरेजसाठी महिना पाच हजार भाडे भरीत असेल, तर? त्याने तोच गाळा स्वतःसाठी घेतला असता तर वर्षाचे साठ हजार वाचले असते, गाळा एक दिवसही रिकामा राहिला नसता आणि उठवले जाण्याची धास्तीही गेली असती. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, जो कारागीर स्वतः भाड्याने बसतो त्याने आधी आपल्या धंद्याची जागा घ्यावी, मगच दुसऱ्याचा मालक व्हावे.

जागा घेताना कळवणात सर्वात मोठा धोका भावाचा नाही, कागदाचा आहे. संपूर्ण कळवण तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीकडे जाऊ नये म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ ने बंधन घातले आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून, आणि विक्री असेल तर शासनाच्या पूर्वमान्यतेवाचून, असा व्यवहार होत नाही. मुद्रांकावर नोटरी करून स्वस्तात प्लॉट मिळतो म्हणून धावणारा माणूस आपली कमाई तर घालवतोच, शिवाय एका गरिबाच्या हक्कावरही हात टाकतो. सातबारा, त्यावरील इतर हक्कांचा रकाना, जुने फेरफार आणि बिनशेतीचा आदेश वकिलाला दाखविल्याखेरीज बयाणा देऊ नये.

भाडेकराराच्या बाबतीत आपण भिडेला बळी पडतो. ‘आपलाच माणूस आहे, लिहायचे कशाला?’ असे म्हणतो. वास्तविक कुरआनातील सर्वात मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नेही लेखी करार करून तो नोंदविण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. या कायद्याचा कोणता भाग आपल्या गावाला व जागेला लागू आहे, तेही वकिलाकडून समजून घ्यावे.

करारात भाडेवाढीची अट हवी. ती नसली की काय होते, हे आपल्या वक्फ मालमत्तांकडे पाहून कळते. सच्चर समितीने २००६ साली नोंदविले की देशातील ४.९ लाख नोंदणीकृत वक्फ मालमत्तांचे वार्षिक उत्पन्न अवघे १६३ कोटी रुपये, म्हणजे त्यांच्या पुस्तकी किमतीच्या २.७ टक्के आहे. वर्षानुवर्षे जुन्याच भाड्यावर बसलेली दुकाने हे त्याचे एक मोठे कारण आहे.

‘भारी डिपॉझिट द्या, भाडे देऊ नका’ हा प्रकारही अलीकडे रुळला आहे. परत करावयाच्या रकमेच्या बदल्यात घराचा फुकट उपभोग घेणे बहुतेक उलेमा व्याजच मानतात. व्याज टाळण्यासाठी घर घ्यायचे आणि मागच्या दाराने व्याजच आत आणायचे, यात काय साधले?

भाड्याने दिलेल्या वास्तूच्या किमतीवर जकात नाही. भाड्यातून साठलेल्या रकमेवर, निसाब पुरा असेल तर, वर्षाअखेर अडीच टक्के आहे. ती काढून, भाडेकरूला अडचणीच्या महिन्यात थोडी मुदत देऊन आणि बहिणींचा वारसाहक्क न बुडविता जो मालक राहील, त्याच्या भाड्यात बरकत राहील.