स्वरयंत्र काढले? सहा महिन्यांनी या!

गेल्या काही महिन्यांत वाचकांच्या पत्रांतून एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते आहे. टोटल लॅरिंजेक्टमी झालेला रुग्ण दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सिव्हिलमध्ये जातो आणि ‘सहा महिन्यांनी या’ एवढे ऐकून परततो. दोष कायमचा आहे का, ते म्हणे तेव्हा ठरेल. काढलेले स्वरयंत्र सहा महिन्यांत पुन्हा उगवते असा शोध कुठे लागला असल्यास तो आमच्यापर्यंत पोहोचलेला नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टात वाचा व भाषादोषाच्या व्याख्येतच लॅरिंजेक्टमीचा नावानिशी उल्लेख आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळावरचे आपले सहकारी यावर म्हणतात, व्हॉल्व बसवला की रुग्ण बोलू लागतो, मग घाई कशाला? व्हॉल्वचा आवाज चांगला असतो, हे खरेच. पण कँडिडा वाढून तो काही महिन्यांत गळू लागतो, बदलावा लागतो, आयात केलेला असेल तर दर वेळी हजारो रुपये मोजावे लागतात, आणि गावापासून तो बदलून देणारा माणूस किती दूर असतो हे आपल्याला ठाऊक आहे. शिवाय स्टोमा कायमचाच. टक्केवारी रेडिएशन संपल्यावर, आवाजाची चाचणी घेऊन ठरवायची तर जरूर ठरवा. पण त्यासाठी अर्जच दाखल करून न घेणे याला काही आधार नाही.

मात्र सगळे खापर मंडळावर फोडता येणार नाही. आपली डिस्चार्ज कार्डे काढून पाहा. ‘सीए लॅरिंक्स, टीएल + बीएनडी’ एवढ्या खरडीवरून मंडळाने काय समजायचे? स्वरयंत्र पूर्ण काढले, श्वास कायमचा मानेवरच्या स्टोमातून, ही दोन वाक्ये मराठीत लिहायला वेळ लागत नाही. तीच वाक्ये रुग्णाच्या खिशातही हवीत, कारण अपघात विभागात अशा रुग्णाच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क धरून बसणारे आजही कमी नाहीत. शस्त्रक्रियेआधीची तयारी तर याहून कच्ची. संमतिपत्रावर अंगठा घेतला की समुपदेशन झाले, असे आपण धरून चालतो. अंगठा देणाऱ्या माणसाला उद्या ‘पाटीवर लिहून दाखवा’ म्हणणार आहोत, हे कुणाच्या लक्षात येत नाही. त्याला चित्रांचा तक्ता हवा, आणि तो आदल्या आठवड्यात हाताळलेला हवा. स्पीच थेरपिस्टची पहिली भेट टाके काढल्यावर ठेवण्यात काय अर्थ आहे? वास जाईल, विहिरीत उतरता येणार नाही, चुलीचा धूर थेट फुप्फुसात जाईल, खांदा दुखेल, हे घरच्यांना आधी कळले पाहिजे. ‘एवढे सांगितले तर रुग्ण घाबरून पळतो’ ही सबब जुनी आहे. काही जण पळतातही. पण तेवढ्यासाठी उरलेल्या सगळ्यांना अंधारात ठेवून टेबलावर घेणे ही संमती नव्हे. वेळ नाही म्हणणाऱ्यांनी हे काम, आधी शस्त्रक्रिया झालेल्या एखाद्या रुग्णाला बोलावून त्याच्याकडे सोपवावे. तो ते आपल्यापेक्षा चांगले करील.

आता कृती. यापुढे प्रत्येक लॅरिंजेक्टमीच्या रुग्णाचा यूडीआयडीचा अर्ज वॉर्डातूनच ऑनलाइन भरा, पावती फाईलला लावा. मंडळाने परत पाठवले तर कारण लेखी मागा आणि रुग्णाचे नाव झाकून त्याची प्रत आमच्याकडे धाडा. नुसत्या तोंडी तक्रारी घेऊन मंत्रालयात गेलो, तर तिथेही ‘सहा महिन्यांनी या’ हेच ऐकावे लागेल.