पिशवी गेली, पण आई वाचली



बाळंतपणात ‘सुनेची पिशवी काढली’ ही बातमी आली की आधी कुजबुज सुरू होते, मग दोष देणे. म्हणून या महिन्यात आपण याच विषयावर बोलू.

बाळ जन्मल्यावर गर्भपिशवी आवळते आणि वार सुटलेल्या जागेच्या रक्तवाहिन्या बंद होतात. पिशवी सैल राहिली, फाटली किंवा वार आत रुतून बसली, तर रक्त थांबत नाही. आधी सिझेरियन झालेले असेल तर वार रुतण्याचा धोका वाढतो. डॉक्टर इंजेक्शने देतात, पिशवी चोळतात, टाके घालतात, आत फुगा भरून दाब देतात. ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी निरोध आणि नळी वापरून असा स्वस्त फुगा तयार केला व २००३ मध्ये त्याचा अनुभव प्रसिद्ध केला. एवढे करूनही रक्त थांबले नाही, तर पिशवी काढतात. जान वाचवण्यासाठी केलेल्या या ऑपरेशनला आपला दीन आडवा येत नाही.

अशा वेळी ‘मोठ्यांना विचारून सांगतो’ म्हणत घालवलेला अर्धा तासही महाग पडतो. म्हणून सातव्या महिन्यातच घरात बसून ठरवा : सही कोण करणार, रक्त कोण देणार, गाडी कुठली. आधी सिझेरियन झाले असेल तर वार कुठे आहे, हे सोनोग्राफीत विचारून घ्या. किनवट-माहूरहून नांदेड १०० किलोमीटरहून दूर आहे. धोका आधीच कळला असेल, तर तारखेआधी नांदेडच्या किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नाव नोंदवा. १०८ ची गाडी मोफत आहे. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात सिझेरियन, औषधे आणि रक्तही मोफत मिळते.

आता घरी आलेल्या सुनेबद्दल. तिला पुन्हा मूल होणार नाही, पाळी येणार नाही. हे दुःख खरे आहे, तिला रडू द्या. पण बीजकोष बहुधा जागेवरच ठेवतात, त्यामुळे म्हातारपण लगेच येत नाही. ती बाळाला दूध पाजू शकते. जखम भरल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने, नवरा-बायकोचे नातेही पूर्ववत होते. चिल्ल्याचे चाळीस दिवस तिला जड काम देऊ नका, लोहाच्या गोळ्या चुकवू नका.

आणि सासूबाईंनो, ‘आता दुसरा निकाह’ हे शब्द तिच्या कानावर पडू देऊ नका. बाळाला त्याची आई मिळाली आहे, त्याबद्दल अल्लाहचे शुक्र माना.