कासेवरचा बोजा



गाईला दगडी झाली की पहिला गुन्हेगार ठरतो गोठा आणि दुसरी ठरते धार काढणारी बाई. 'तुम्ही कास धुत नाही, गोठा कोरडा ठेवत नाही' असा पंचनामा करून तज्ज्ञ मोकळे होतात. स्वच्छता हवीच, त्यात वाद नाही. शेणातला ई. कोलाय जंतू सडाच्या छिद्रातून आत शिरतो, हे खरेच आहे. पण एकाच गोठ्यातल्या, एकाच हाताने पिळलेल्या दोन गाईंपैकी एक चार दिवसांत बरी होते आणि दुसरीचा सड कायमचा जातो. हा फरक कुठून येतो? गेल्या वीस-पंचवीस वर्षांत विज्ञानाने या प्रश्नाचा जो शोध घेतला, त्यात कोरडवाहू शेतकऱ्याने समजून घ्यावे असे बरेच आहे.

आपण आजवर ऐकत आलो की सगळे रक्तावर, म्हणजे जातीवर असते. वळू चांगला तर कालवड चांगली. यात तथ्य आहे, पण अर्धेच. ते सातबाऱ्यावरून चटकन समजेल. तुमचे पाच एकर रान तेच, माती तीच, बांध तेच. पण 'इतर हक्का'त बँकेचा बोजा चढला की त्या रानाचा व्यवहार अडतो. जमीन बदललेली नसते, नोंद बदललेली असते. कर्ज फिटले की बोजा उतरतो. गाईच्या पेशीतही असेच चालते. जनुके जन्मापासून तीच असतात. पण त्यांच्यावर मिथाइल नावाचे बारीक रासायनिक शिक्के चढतात आणि उतरतात. मोक्याच्या जागी शिक्का बसला की ते जनुक असून नसल्यासारखे होते. या नोंदीच्या शास्त्राला एपिजेनेटिक्स म्हणतात.

दगडीत हे घडताना पाहिलेही गेले आहे. दुभत्या गाईच्या कासेत केसीन हे दुधातले मुख्य प्रथिन तयार करणारे जनुक मोकळे असते. ई. कोलायची तीव्र दगडी झाली की त्याच्या कळीच्या जागी शिक्के पुन्हा बसतात आणि केसीन बनणे झपाट्याने थांबते, असे जर्मनीतील संशोधकांनी २००६ साली दाखवले. म्हणजे कास नुसती सुजत नाही, तिच्या कामाची नोंदच फिरते. चीनमधल्या होल्स्टीन गाईंवरचा एक अभ्यास २०१३ साली आला. दगडी झालेल्या गाईंच्या रक्तपेशींत सीडी-४ या प्रतिकारशक्तीच्या जनुकावर निरोगी गाईंपेक्षा जास्त शिक्के सापडले. जंतूंचीही तऱ्हा वेगळी असते. ई. कोलाय आला की शरीर जोराने उठते, ताप येतो, कास लाल होते. स्टॅफिलोकोकस मात्र फारशी ओरड न करता महिनोन्‌महिने दडून बसतो.

शिवाय गाईची प्रतिकारशक्ती सगळ्यांत खाली असते ती वेताच्या आसपास. दूध एकदम वाढते, पोटात तेवढे जात नाही, अंगातली चरबी झिजते. त्यात उन्हाळा आणि नुसता कडबा असेल तर लढणाऱ्या पेशी दुबळ्या पडतात. जितकी गाय जास्त दुधाची, तितका हा खड्डा खोल.

आता याच २००६ सालची दुसरी गोष्ट आठवा. त्या वर्षी पंतप्रधानांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलडाणा आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात दुभत्या गाई वाटण्याचीही योजना होती. कपाशीने बुडालेल्याला गाय तारील, असा हिशेब. गाय आली, पण हिरवा चारा, पाणी, पेंड आणि हाकेला येणारा डॉक्टर तिच्याबरोबर आला नाही. गाईला पोसता येईना म्हणून काहींनी ती दुसऱ्याला देऊन टाकली, हे तेव्हाच्या वर्तमानपत्रांतही छापून आले. उत्तम जातीची गाय म्हणजे कोऱ्या सातबाऱ्याचे रान. आपल्या दारी आल्यावर उपासमारीचा आणि उन्हाचा बोजा तिच्यावर चढतो. जात वाटता येते, तिच्या मागची व्यवस्था पाकिटातून वाटता येत नाही. म्हणून संकरित गाय वाईट आणि गवळाऊ चांगली, असे मी म्हणत नाही. दगडी दोघींना होते. कोणती गाय परवडते हे ठरवण्याचा हक्क पोसणाऱ्याचा, एवढेच म्हणणे आहे.

हे टिपण मी बदलापूरच्या बेलवलीत बसून लिहितो आहे. इथे पहाटे दारोदार दुधाच्या पिशव्या पडतात. पिशवीवर किंमत, तारीख, फॅट सगळे छापलेले असते. दगडीने गेलेल्या सडाची किंमत कुठे छापलेली नसते. ती किंमत संकलन केंद्रावर आपल्याकडून आधीच कापलेली असते. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला बांधलेला आहे. लपलेल्या दगडीत कास सुजत नाही, गाठी पडत नाहीत, पण केसीन आणि लॅक्टोज घटतात आणि एसएनएफ खाली येतो. आपल्याला वाटते यंत्रात खोट आहे, केंद्रवाल्याला वाटते आपण पाणी घातले. आजारी असते गाय, आणि चोर ठरतो शेतकरी.

मग करायचे काय? 'जनुके जागवणारी' पावडर विकायला कोणी आला तर त्याला वाटेला लावा. या शोधातून गोठ्यात वापरायचे औषध अजून निघालेले नाही. हाताशी आहे ते करा. धुण्याच्या पावडरचे तीन टक्के पाणी आणि दूध समसमान घेऊन वाटीत हलवा. दूध चिकट, दाट झाले तर त्या सडात दगडी लपली आहे. चारही सड वेगळे तपासा. अंगठा मुडपून नव्हे, पूर्ण मुठीने पिळा. धार झाल्यावर सड आयोडीनच्या औषधात बुडवा आणि लगेच वैरण टाका, म्हणजे अर्धा तास गाय उभी राहील आणि तोवर सडाचे तोंड मिटेल. दुखणाईत गाय शेवटी पिळा. गाभण गाय आटवताना डॉक्टरांकडून सडात औषध भरून घ्या. शेवटच्या दोन महिन्यांत कडब्याबरोबर सरकी पेंड आणि खनिज मिश्रण तोडू नका.

एवढे आपण करू. पण पेंड विकत घ्यायची तर दुधाला भाव हवा. २०१८ च्या जुलैत रस्त्यावर उतरल्यावरच सरकारला लिटरमागे पाच रुपयांचे अनुदान सुचले. जिल्हा बैठकीत तीन मागण्या ठरावात याव्यात. प्रत्येक संकलन केंद्रावर दगडीची तपासणी मोफत व्हावी आणि निकाल उत्पादकाच्या हातात पडावा. सड गेलेल्या गाईचा विमा नाकारला जाऊ नये. आणि दुधाचा दर ठरवताना चारा, पेंड व औषधाचा खर्च धरला जावा.

रानावरचा बोजा कुणामुळे चढला हे आपण चाळीस वर्षे सांगत आलो. कासेवरचाही तिथूनच चढतो.