आरशातलं बाळ कोण?

चंदीगढच्या रॉक गार्डनमध्ये चेहरे वेडेवाकडे दाखवणारे आरसे आहेत. नेकचंद यांनी टाकाऊ वस्तूंतून उभारलेली ही बाग १९७६ साली लोकांसाठी खुली झाली. त्या आरशांपुढे मोठी माणसं पोट धरून हसतात, कारण आपण खरे कसे दिसतो हे त्यांना ठाऊक असतं. कडेवरचं दहा महिन्यांचं बाळही हसतं. पण ते समोरच्या 'दुसऱ्या' बाळाला पाहून!

आपण कोण, हे मूल हळूहळू शिकतं. साधारण पाचव्या महिन्यात ते स्वतःचं नाव ओळखू लागतं. १९७२ साली मानसशास्त्रज्ञ ब्यूला अ‍ॅम्स्टरडॅम यांनी मुलांच्या नाकाला नकळत रंग लावून त्यांना आरसा दाखवला. लहानग्यांनी प्रतिबिंबाशी खेळ मांडला; वीस महिन्यांपुढच्या बऱ्याच मुलांचा हात मात्र स्वतःच्या नाकाकडे गेला. घरी काजळाची तीट नाकावर लावून हे पाहता येईल. मात्र हात गेला नाही, तर लगेच काळजी करू नये. काही हुशार मुलंही यात मागे पडतात.

'बाळाला भूक लागली' म्हणणारं मूल याच सुमारास 'मला' म्हणू लागतं. मराठीत तर 'मी' पाठोपाठ क्रियापदही बदलतं. भावाचं ऐकून चिमुरडी 'मी जातो' म्हणते. अशा वेळी हसू नये. 'हो, तू जातेस ना?' एवढं उत्तर पुरेसं असतं.

मग येतो 'माझं'चा काळ. पाहुण्यांच्या मुलाने चेंडू उचलला, की दोन वर्षांची लेक किंचाळते. आई ओशाळते आणि सर्वांसमोर 'हावरट कुठली!' म्हणत चेंडू हिसकावते. खरं तर हा हावरटपणा नसतो. 'मी' समजल्यावरच 'माझं' समजतं. पाहुणे येण्याआधी तिची आवडती दोन खेळणी कपाटात ठेवावीत, बाकीची आळीपाळीने खेळायला द्यावीत.

लाज आणि अभिमान या भावनाही याच वयात उमलतात. म्हणूनच 'हट्टी', 'रडका', 'दादासारखी हुशार नाही' हे शब्द मुलांना खोलवर लागतात. चुकलं तर चूक दाखवावी, मुलाला नाव ठेवू नये. बागेतल्या वाकड्या आरशापुढून मूल हसत निघून जातं. घरच्यांच्या बोलण्यात दिसलेलं रूप मात्र ते खरं मानतं.