'दाकुर्यू' म्हणजे नुसता 'पूर' नव्हे

जपानी शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या वहीत 'दाकुर्यू' या शब्दापुढे बहुतेक वेळा एकच अर्थ लिहिलेला असतो: पूर. चाचणीत गुण मिळतात, विषय संपतो. मला हे अजिबात पटत नाही.

शब्द दोन चित्राक्षरांचा. 'दाकु' म्हणजे गढूळ, 'र्यू' म्हणजे प्रवाह. दोन्ही अक्षरांच्या डाव्या बाजूला पाण्याची खूण असलेले तेच तीन थेंब. आपल्याकडे याच्या जवळचा शब्द आहे की, गढूळ लोंढा! नदी काठ सोडून बाहेर पसरली की तिकडे म्हणतात 'हानरान', आणि पूर या घटनेला 'कोझुई'. आपण मात्र तिन्ही शब्द एकाच पुरात बुडवतो.

हा 'दाकु' मुलांना खरं तर सुरुवातीलाच भेटलेला असतो. हिरागानातल्या 'का'ला उजवीकडे वर दोन छोट्या रेघा दिल्या की 'गा' होतो, 'ता'चा 'दा' होतो. त्या रेघांचं नाव 'दाकुतेन', म्हणजे गढूळपणाची खूण. आपण ज्यांना घोष म्हणतो ते आवाज जपानीत गढूळ, आणि 'का', 'ता' हे 'सेइ', म्हणजे स्वच्छ. (निर्मळ वाहत्या पाण्याला 'सेइर्यू' म्हणतात. विरुद्धार्थी जोडी आयतीच मिळाली!) एवढं फळ्यावर दाखवलं तर घोकंपट्टी कशाला लागते?

पण गढूळपणा नुसता व्याकरणापुरता नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये हागिबिस वादळात नागानो इथे चिकुमा नदीचा बांध फुटला. आगारात उभ्या असलेल्या शिनकान्सेनच्या १० गाड्या, म्हणजे १२० डबे, पाण्यात गेले. अशा वेळी बातम्यांत 'दाकुर्यूने गिळलं' असं ऐकू येतं. गढूळ पाण्यात तळ दिसत नाही. रस्ता कुठे संपला, गटाराचं झाकण कुठे उघडं आहे, काही कळत नाही. म्हणूनच तिथल्या सूचनांत सांगतात की पाण्यातून जावंच लागलं तर लांब काठीने चाचपत जा, आणि गमबूट घालू नका, कारण पाणी भरलं की पाय उचलत नाही.

आपल्याकडची कितीतरी मुलं पुढे तिकडे शिकायला, नोकरीला जातात. तिथे हे शब्द त्यांना थेट मोबाईलवरच्या इशाऱ्यात भेटतील.

यंदा चाचणीत मी अर्थ विचारणार नाही. 'दाकुर्यू' आणि 'हानरान' यांची दोन चित्रं काढायला सांगणार आहे. पालकांनो, गुण विचारण्याआधी ती चित्रं जरा बघा.