महिला गटांमुळे बाळांचे मृत्यू कमी होतात? मुंबईत उत्तर वेगळं का आलं?

२००६ ते २००९ दरम्यान ‘स्नेहा’ संस्थेने मुंबईतल्या ४८ झोपडवस्त्यांमध्ये एक अभ्यास केला. के-पश्चिम (अंधेरी) आणि पी-उत्तर (मालाड) वॉर्डही त्यात होते. निम्म्या वस्त्यांत महिलांचे गट तयार झाले. गरोदरपण, बाळंतपण आणि नवजात बाळाची काळजी यावर बैठकांत चर्चा व्हायची.

त्याच सुमारास झारखंड-ओडिशातल्या गावांत अशाच गटांमुळे नवजात बालकांचा मृत्यूदर ३२ टक्क्यांनी घटला. मुंबईत मात्र तसा फरक दिसला नाही.

यामागचं एक संभाव्य कारण म्हणजे मुंबईत बहुतेक बाळंतपणं आधीच हॉस्पिटलमध्ये होत होती. बायका घरातल्या सवयी बदलू शकतात, पण प्रसूतिगृहातली सेवा त्यांच्या हातात नसते.

म्हणूनच संशोधनात वस्तीसोबत दवाखान्यालाही सामील करून घ्यावं लागतं.